पाण्याचा ताळेबंद, घराची मिळकत

शेतकऱ्याचे उत्पन्न वाढवायचे म्हटले की चर्चा अनुदान आणि कर्जमाफीपाशी येऊन थांबते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने सुरुवात केली ती पाण्यापासून.

वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचे हे गाव. दुष्काळाने माणसे मजुरीसाठी बाहेर पडली होती. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदानातून समतल चर, बांध आणि पाझर तलाव उभे राहिले. पण खरे धाडस पुढे होते: शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, डोंगरावर गुरे मोकळी सोडायची नाहीत. पाऊस मोजून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यानुसार पिके ठरवते.

चराईबंदीने गवत वाढले, चाऱ्यामुळे दुभती जनावरे आली. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले दूध काही हजार लिटरवर गेले. पिकाचा पैसा हंगामाला येतो, दुधाचा वर्षभर; घरखर्चासाठी सावकाराचे दार गाठण्याची वेळ त्यामुळे टळते. गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली.

राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटर आणि त्याहून खोल विहिरींना बंदी आहे, तरीही बोअरच्या गाड्या गावोगाव फिरतात. म्हणूनच जलसंधारणाचा निधी देताना सरकारने ग्रामसभेत मांडलेल्या ताळेबंदाची अट घालावी. गायरानातला चारा कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना द्यावा, म्हणजे पाणी अडवल्याचा लाभ विहीर नसलेल्या घरांनाही मिळेल.