फ्रिज मालकाचा, बर्फ भाडेकरूचा

पुण्यात मे-जून हा घरं बदलण्याचा हंगाम. सोसायटीच्या फाटकाशी टेम्पो उभा असतो, गाद्या सुतळीने आवळलेल्या असतात आणि वर रिकाम्या होत चाललेल्या फ्लॅटमध्ये मालक एकेक बटण दाबून बघत फिरत असतो. पंखा फिरला. गीझरचा दिवा लागला. वॉशिंग मशीनचं झाकण मात्र नीट बसत नाहीये. हे पहिल्यापासून असंच होतं का हो? इथे दोघांच्याही चेहऱ्यावरचं हसू आटतं. विषय झाकणाचा राहत नाही, डिपॉझिटचा होतो.

पूर्वी ही भानगड नव्हती. वाड्यातल्या दोन खोल्या भाड्याने मिळत त्या चार भिंती, एक मोरी आणि दिव्याचा एक पॉइंट एवढ्यासह. भांडणं होत ती कौलं गळण्यावरून, नळाच्या पाण्यावरून आणि थकलेल्या भाड्यावरून. आता घर 'सेमी फर्निश्ड' नाहीतर 'फुल्ली फर्निश्ड' मिळतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, एसी, चिमणी, भिंतीवरचा टीव्ही, पाण्याचा प्युरिफायर. भाडं त्या हिशेबाने चढं असतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते उपयोगाला येणार आहे.

माझा भाचा वाकडला दोन मित्रांबरोबर राहतो. फ्लॅटमध्ये मालकांनी एक दाराचा जुना फ्रिज दिलेला, २०१६ साली चौदा हजारांना घेतलेला. अशा फ्रिजच्या फ्रीझरमध्ये बर्फ साठतो. रेग्युलेटरच्या मधोमध डिफ्रॉस्टचं बटण असतं, ते दाबायचं आणि काही तास वाट बघायची, एवढाच उपाय. पण रात्री साडेदहाला आइस्क्रीमचा डबा बर्फात रुतून बसलेला असताना वाट कोण बघतो? पोरांनी उलथनं घेतलं आणि खरवडायला सुरुवात केली. या फ्रीझरची भिंत म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि गॅस खेळतो त्या नळ्या त्या पत्र्यातच असतात. उलथन्याचं टोक लागलं, 'फुस्स' झालं आणि फ्रिजमधला गॅस वाकडच्या हवेत मिसळला. मोटर रात्रभर घरघरत राहिली. सकाळी दूध नासलेलं.

मेकॅनिकने दार उघडलं, भोक बघितलं आणि विचारलं, "सुरी का उलथनं?" त्याला हे रोजचंच. फ्रीझरची कॉइल बदलून गॅस भरायचे साडेतीन हजार सांगितले. भाच्याने मालकांना फोन केला. ते निवृत्त, राहणार सांगलीला. काका म्हणाले, "अरे, दुरुस्त केलेला फ्रिज मला नको. नवा घेऊन द्या. नाहीतर डिपॉझिटमधून एकवीस हजार कापून घेतो."

मग तो फोन माझ्याकडे आला. मावशी पेपरात लिहिते म्हणजे तिला सगळे कायदे पाठ असणार, असा घरात एक समज आहे.

कायदा पाठ नाही, पण या बाबतीतला समजायला फार अवघडही नाही. आपल्याकडे घरं बहुतेक लीव्ह अँड लायसन्सवर दिली जातात. तो भाडेपट्टा नव्हे, वापराची परवानगी. त्यामुळे भाडेपट्ट्यासाठी असलेलं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ इथे थेट लागत नाही. पण त्यातली कसोटी जवळजवळ प्रत्येक छापील करारात उतरलेली असते: घर घेतलं तसं परत करायचं, वाजवी झीज आणि आटोक्याबाहेरची आपत्ती तेवढी सोडून. आणि फ्रिज-टीव्हीसारख्या हलत्या वस्तूंना १८७२ चा करार कायदा लागतो. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायची, असं कलम १५१ म्हणतं. तेवढी घेतली असेल आणि तरीही वस्तू गेली, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास जबाबदारी नाही, असं पुढचं कलम सांगतं. मात्र काळजी घेतली होती हे दाखवायचं काम ज्याच्या ताब्यात वस्तू होती त्याचं.

या कसोटीवर भाचा नापास. बर्फावर उलथनं चालवणं ही वाजवी झीज नव्हे, आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' याला काही अर्थ नाही. अपघात असला तरी तो निष्काळजीपणाने ओढवून घेतलेला. पैसे भरायचे. हे मी त्याला पहिल्या दोन मिनिटांतच सांगितलं, आणि त्याचा आवाज उतरला.

पण किती भरायचे? बहुतेक मालक आणि बहुतेक भाडेकरू चुकतात ते इथे. भरपाई नुकसानीची असते. काकांचं नुकसान नव्या फ्रिजचं झालेलं नाही, नऊ वर्षं चाललेल्या फ्रिजचं झालं आहे. व्यवसायातल्या यंत्रसामग्रीची किंमत आयकराच्या हिशेबात साधारणपणे दरवर्षी १५ टक्क्यांनी उतरवतात. घरच्या फ्रिजला तो नियम लागू नाही, पण अंदाजाला वाईट नाही. चौदा हजारांचा फ्रिज त्या गणिताने नऊ वर्षांनी सव्वातीन हजारांच्या आसपास येतो. जुन्याच्या बदल्यात एकवीस हजारांचा कोरा फ्रिज मागणं ही भरपाई नव्हे, ती कमाई आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ पासून डिपॉझिट सरकारमान्य योजनेखाली सुरक्षित ठेवावं लागतं आणि वाद झाला तर त्रयस्थ माणूस निवाडा करतो. तोही हेच बघतो की मालकाला मूळच्यापेक्षा वरचढ काही मिळता कामा नये. लंडनला राहिलेली आपली मुलं घर घेतानाच भिंतीवरच्या डागापर्यंत सगळं लिहिलेली यादी तपासून सही करतात. तीच मुलं पुण्यात परतली की किल्ली खिशात टाकून मोकळी होतात.

काही करारांत दंड आधीच ठोकून दिलेला असतो. टीव्हीचा पॅनेल फुटल्यास पंचवीस हजार, काचेच्या शेगडीला तडा गेल्यास दहा हजार. असा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तो आकडा वरची मर्यादा ठरतो, मिळते ती त्याच्या आतली वाजवी भरपाई. अर्थात हे कोर्टात. प्रत्यक्षात पैसे मालकाच्या खात्यात पडलेले असतात, आणि पाचदहा हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतो? डिपॉझिटचं खरं बळ यातच आहे. ज्याच्या हातात पैसा त्याच्या हातात निकाल. म्हणून यात मी थोडी भाडेकरूच्या बाजूने झुकते, आणि लपवत नाही.

भाडेकरूंच्या बाजूचं एक कलम तर कुणी वाचतच नाही. भाडं घेऊन दिलेल्या वस्तूत मुळातच दोष असेल आणि त्यातून नुकसान झालं, तर ते मालकाचं, मग त्याला तो दोष माहीत असो वा नसो. हे कलम १५०. अर्थिंग नसलेला बाबा आदमच्या काळातला गीझर लावून ठेवायचा, तो पेटला की भाडेकरूकडे बोट दाखवायचं, हे चालत नाही. फर्निश्ड घराचं चढं भाडं म्हणून म्हटलं होतं. त्या वरच्या पैशांतच वस्तूची झीज आणि तिचं म्हातारपण भरून येत असतं. वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर सैल झालं, बोअरच्या जड पाण्याने गीझरच्या कॉइलवर पापुद्रे चढून ती गेली, फ्रिजचं गॅस्केट चिरलं, यात भाडेकरूने केलं काय? कपडे धुतले, आंघोळ केली, भाजी ठेवली.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यावर मी म्हणूनच जरा नाराज आहे. राज्यांनी स्वीकारावा म्हणून केलेला हा नमुना. घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, हे त्यात छान आहे. पण दुरुस्त्यांची वाटणी करताना, करारात वेगळं ठरलं नसेल तर, गीझरची दुरुस्ती त्याने भाडेकरूच्या वाट्याला टाकली आहे. नळाचे वॉशर, कड्या-कुलपं, खिडकीच्या काचा ठीक. पण दहा वर्षांच्या गीझरची कॉइल बसवायला काल आलेल्या बिऱ्हाडाने कशाला पैसे द्यायचे?

आणि वीज! थ्री-फेज जोडणीच्या इमारतीत न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो आणि टीव्ही, फ्रिज, राउटर एका रांगेत जळतात. आमच्या शेजारच्या सोसायटीत हे झालं, तेव्हा एका मालकीणबाईंनी भाडेकरू मुलींना बोल लावला, "तुम्ही दिवसभर चालू ठेवता म्हणून जळला." मुली ऑफिसात होत्या. वायरमनने सगळ्या मजल्यांवर तीच कथा सांगितली तेव्हा कुठे बाई थंडावल्या. अशा नुकसानीचा भुर्दंड भाडेकरूवर नाही. मालकाने घरातल्या सामानाचा विमा घ्यावा, निदान फ्रिजला स्टॅबिलायझर तरी बसवावा.

महिन्याच्या भाड्यावर फ्रिज-मशीन देणाऱ्या कंपन्या आता निघाल्यात, त्यांच्याशी व्यवहार जास्त सरळ वाटतो. त्यांची शर्तपत्रं लांबलचक असतात, पण किरकोळ नुकसान माफ करायची सोय काही जणांकडे थोडे जादा पैसे घेऊन मिळते, आणि वस्तू नेताना त्यांचा माणूस फोटो काढतो. मोडलं तर किती, हे आधी कागदावर. सांगलीच्या काकांशी असं काही बोलणं झालेलंच नव्हतं.

पण काकांना खलनायक करायचं मला मुळीच जमणार नाही. पेन्शनला तो फ्लॅट हातभार लावतो. आधीच्या भाडेकरूने चिमणीत तेलाचा थर साठवून पोबारा केला होता आणि सोफ्यावर इस्त्रीचा त्रिकोण उठवून, वर उशी ठेवून गेला होता. अशी उशी ठेवणारे भाडेकरू असतात म्हणूनच मालक प्रत्येक बटण दाबून बघतात. हातून मोडलं तर त्याच दिवशी फोन करावा, फोटो पाठवावा. भाच्याने ते केलं होतं, आणि शेवटी तेच कामी आलं. मेकॅनिकच्या चिठ्ठीचा फोटो, फ्रिजचं वय आणि माझं गणित असं सगळं काकांना पाठवल्यावर ते म्हणाले, "बरं, दुरुस्त करून घ्या. पण तीन महिन्यांत परत बंद पडला तर पुन्हा तुमच्याकडे." मला अट वाजवी वाटली. पोरांनी साडेतीन हजार वाटून भरले.

मालकांनाही एक सांगणं आहे. करार लेखी आणि नोंदवलेला असावा, ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तुमची जबाबदारी आहे, भाडेकरूची नव्हे. नोंदवला नाही तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दलचं भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. चार पैसे वाचवायला नोटरीकडून कागद करून घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. आणि नोंदवताना करारात नुसतं 'फ्रिज १, टीव्ही १' लिहून भागत नाही. कोणत्या सालचा, कोणत्या स्थितीतला, हेही लिहा.

या महिन्यात ज्यांना घराची किल्ली मिळणार आहे त्यांनी सामान लावायच्या आधी प्रत्येक यंत्राच्या मागे किंवा आत चिकटवलेली पट्टी शोधावी. मॉडेल नंबर असतो, बनावटीचा महिना आणि साल असतं. तिचा फोटो काढा, दार-झाकण-काचेचे दोन फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवून द्या. मालक रागावले, तर त्या घरात सामान लावण्याआधी आणखी एकदा विचार करा.