संत्री बंद करून सांधे सुटत नाहीत

‘लहान पोराला कुठं संधिवात होतो? वाढीचं दुखणं असेल.’ नागपुरात हे आजीपासून रिक्षावाल्याकाकांपर्यंत कुणीही छातीठोक सांगतं. वाढीचं दुखणं खोटं नाही, पण त्याची तऱ्हा ठरलेली. रात्री दोन्ही पोटऱ्या दुखतात, चोळून दिल्या की मूल झोपतं आणि सकाळी उड्या मारतं. सांधा सुजत नाही. संधिवाताचं पोर सकाळीच आखडलेलं असतं. जिना बसून उतरतं, संडासात उकिडवं बसताना भिंत धरतं, डबा उघडायला आईकडे देतं. तेच दहा-अकराला अंगणात पळताना दिसलं, की घरचे म्हणतात, शाळा बुडवायची नाटकं!

शिकलेल्यांचा युक्तिवाद वेगळा: ‘आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे.’ अहो, बालसंधिवाताच्या बहुतेक मुलांत तो निगेटिव्हच असतो. उलट रक्तात एएसओ वाढलेला दिसला, की तेवढ्यावरच दर २१ दिवसांनी पेनिसिलिनची सुई सुरू. एएसओ फार तर घशात स्ट्रेप्टोकोकस जंतू येऊन गेल्याचं सांगतो. त्यातून येणाऱ्या संधिवाताच्या तापात सूज या सांध्यातून त्या सांध्यात फिरते आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरते. बालसंधिवात मुक्कामाला येतो. वयाच्या १६ वर्षांआधी सुरू झालेली, निदान ६ आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे हा आजार. ती सूज डॉक्टरांच्या बोटांना कळते. कागदावर शोधून उपयोग नाही.

मग रक्त तपासूच नये? तपासावं, पण ‘दुसरं कारण’ शोधायला. विदर्भात तर नक्कीच. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. त्या आजारातही पोरांची हाडं ठणकतात, हातपाय सुजतात. चिकनगुनिया आहे, क्षय आहे, क्वचित रक्ताचा कर्करोगही.

पथ्याचं तर विचारू नका. दही बंद, चिंच बंद, आणि संत्र्यांच्या गावात पोराला संत्रंही बंद! आंबटानं हा आजार वाढतो याला आधार नाही. मात्र या आजारावरचं मेथोट्रेक्सेट म्हटलं की ‘कॅन्सरचं औषध’ म्हणून घर हादरतं. कॅन्सरला देतात ते मोठ्या मात्रेत. इथे मात्रा कमी, आठवड्यातून एकदाच, जोडीला फॉलिक अॅसिड आणि ठरावीक रक्ततपासणी. गुण यायला काही आठवडे लागतात. तेवढा धीर सुटला, की कुणाच्या तरी सांगण्यावरून बिननावाची पुडी घरात येते. तिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं असेल तर दोन दिवसांत पोर पळतं, मग गाल फुगतात आणि उंची खुंटते. डॉक्टर सांध्यात मोजून देतात ते स्टिरॉइड निराळं.

‘खेळू देऊ नका’ हेही चुकीचंच. पडून राहिल्यानं मांडी वाळते, गुडघा वाकडा आखडतो. सूज आटोक्यात आली, की सायकल, पोहणं हवंच.

आणि डोळे. या आजारात, विशेषतः लहान मुलींमध्ये, डोळ्याच्या आतला भाग सुजू शकतो. बहुधा ना लाली, ना दुखणं. टीव्ही नीट दिसतो म्हणून डोळे ठीक, असं धरू नये. नागपुरातल्या मेडिकल, मेयो, एम्स, कुठल्याही रुग्णालयात उपचार चालू असोत, धोका जास्त असलेल्या मुलांचे डोळे सुरुवातीची काही वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्प या यंत्रावर तपासावे लागतात, गुडघा पूर्ण बरा दिसत असला तरी.