पांढरं दिसत नाही, म्हणजे रक्त नाही?

सिंगापूरमध्ये रात्रीचे साडेअकरा, सांगलीत नऊ. चुलतभावाने ट्यूबलाइटसमोर धरलेल्या सीटी फिल्मचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "कुठे पांढरं दिसत नाहीये. म्हणजे काकांच्या मेंदूत रक्तस्राव नाही ना?" माझी पीएचडी प्रथिनांवरची, पण घरच्यांच्या लेखी डॉक्टर तो डॉक्टर. परदेशात राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना असे फोटो येत असतील. माझं स्पष्ट मत आहे की त्या फोटोवरून कुणाला धीर देऊ नये आणि घाबरवूही नये.

सीटीवर रंग नसतो, आकडे असतात. क्ष-किरण किती अडले, ते हाउन्सफील्ड एककांत मोजतात : पाणी ०, हवा उणे १०००, मेंदूचा करडा भाग साधारण ३५ ते ४०. वाहतं रक्त त्याच्या जरासंच वर, ४० ते ५०. मग रक्तस्राव पांढरा का दिसतो? बहुतेकांना वाटतं, रक्तातल्या लोहामुळे. खरं कारण आहे हिमोग्लोबिनमधलं प्रथिन, आणि तेही दाटल्यावर. श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगलं की पाणी गळून चक्का उरतो. रक्ताची गुठळी आकसताना असंच होतं. पातळ भाग पिळून बाहेर जातो, पेशी एकमेकींना चिकटतात आणि आकडा ६० ते ८० वर जातो. सीटीवर पांढरा दिसतो तो हा चक्का.

पण हा पांढरेपणा टिकत नाही. प्रथिन मोडत जातं, आकडा उतरत जातो. साधारण एक ते तीन आठवड्यांच्या टप्प्यात साकळलेलं रक्त अगदी मेंदूच्याच छटेचं होतं, पुढे त्याहून काळं. रक्त तिथेच असतं, फक्त डोळ्याला वेगळं दिसत नाही. तेव्हा रेडिओलॉजिस्ट पांढरं शोधत बसत नाही. मेंदूची मधली रेषा सरकली आहे का, वळ्यांमधल्या खाचा बुजल्या आहेत का, ते पाहतो. रुग्णाचं हिमोग्लोबिन फार कमी असेल, आठ-दहाच्या खाली, तर ताजा रक्तस्रावही करडा दिसू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. बहुतेकींचा इतका तीव्र नसतो, पण आपल्या घरांत ही गोष्ट विसरून चालणार नाही.

शिवाय फिल्मवर करड्या छटांचा एकच पट्टा छापलेला असतो. कवटीला चिकटलेला रक्ताचा पातळ थर हाडाच्या पांढऱ्यात हरवतो. संगणकावर तो पट्टा रुंद करून पाहता येतं. फोटोत काय करणार?

पक्षाघातात तर उलटाच घोळ. गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली, तर पहिल्या काही तासांत सीटी जवळजवळ स्वच्छ असू शकतो. कधीकधी अडकलेली गुठळीच वाहिनीत पांढऱ्या रेघेसारखी दिसते, तेवढीच. तरीही सीटी तातडीने हवा, कारण गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि रक्तस्राव असताना दिलं तर घात. ऑक्टोबर २००३ मध्ये ली क्वान यू यांच्या पत्नीला लंडनमध्ये पक्षाघात झाला, तेव्हा स्कॅनसाठी सकाळपर्यंत थांबायला सांगितलं गेलं. पंतप्रधान कार्यालयातून हालचाल झाल्यावर तो लवकर झाला, हे ली यांनी स्वतःच सांगितलं होतं. तो रक्तस्राव निघाला. प्रत्येकाला असा फोन करता येत नाही.

म्हणून मी आता फोटो आला की आधी उलट विचारते : त्रास कधी सुरू झाला? महिन्याभरात कुठे पडणं, डोकं आपटणं? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या? हिमोग्लोबिन किती? आणि फिल्म नको, सीडी घेऊन न्यूरोसर्जनकडे जा.

त्या रात्री काकूंना आठवलं, तीन आठवड्यांपूर्वी काका न्हाणीघरात घसरले होते. दुसऱ्या दिवशी कवटीला छोटी भोकं पाडून रक्त काढलं. जुन्या इंजिन ऑइलसारखं काळपट होतं म्हणे. काका अजूनही म्हणतात, मी पडलोच नव्हतो.