रेवतीचें माहेर

तिवसा येथें आमच्या मावशींकडे गेलों असतां मुलांनीं घरांतील पडद्यावर एक जुना अमेरिकन बोलपट लावला होता: १९८५ सालचा 'बॅक टु द फ्यूचर'. एक पोरगा मोटारींत बसून तीस वर्षें मागें, १९५५ सालांत, जातो आणि तेथें त्याची स्वतःची आई, तेव्हांची अविवाहित मुलगी, त्याच्यावरच भाळते! तिचें लग्न बापाशीं जुळवून दिल्यावांचून चिरंजीवांचा जन्मच व्हावयाचा नाहीं. घरांत हंशा पिकला. मावशी मात्र म्हणाल्या, "रेवतीची कथा काय याहून कमी अघटित आहे?"

खरेंच आहे. कुशस्थळीचा राजा ककुद्मी उपवर कन्येस घेऊन, वर कोण योजावा हें विचारण्यासाठीं ब्रह्मलोकीं गेला. तेथें हाहा-हूहू गंधर्वांचें गाणें चाललें होतें. मैफलींत मध्येंच तोंड घालणें बरें नव्हे म्हणून बापलेक थांबलीं. गाणें संपलें तों पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें, म्हणजे ११ कोटी ६६ लक्ष ४० हजार वर्षें, लोटलीं होतीं! राजानें मनांत योजलेलीं स्थळें तर राहोंच, त्यांच्या नातवा-पणतवांचीं नांवेंही कोणाच्या कानीं येत नव्हतीं. राजाचा प्रश्न ऐकून ब्रह्मदेव हंसले, असें भागवतकार सांगतात. अखेर बलराम ठरला. पण वधू जुन्या युगाची, तेव्हां उंची अवाढव्य. बलरामानें नांगराच्या टोकानें तिला खालीं ओढून बेताची केली, असें विष्णुपुराण म्हणतें. कोणत्याही विनोदी बोलपटानें हा प्रसंग आनंदानें उचलावा.

परंतु आम्ही हंसतां हंसतां थबकलों तें निराळ्याच ठिकाणीं. तो अमेरिकन पोरगा शेवटीं घरीं परततो. न परतता तर प्रेक्षकांनीं तिकिटाचे पैसे परत मागितले असते. रेवतीला परतण्यास जागाच नाहीं. तिची कुशस्थळी तीच आतां द्वारका झालेली. जन्माचें गांव तेंच सासर, आणि ओळखीचें मनुष्य एकही नाहीं. बाप कन्यादान उरकून तपश्चर्येस निघून गेला.

तिची धाकटी जाऊ रुक्मिणी. तिचें माहेर कौंडण्यपूर याच तिवसा तालुक्यांत, वर्धेच्या कांठीं. तेथून आषाढीस पंढरपुरास अजून पालखी जाते. भावाशीं वैर झालें, तरी माहेर राहिलें.

आम्हीं मावशींना विचारलें, "या दोघी जावा एकत्र बसल्या म्हणजे माहेराविषयीं काय बोलत असतील हो?"

"रुक्मिणी बोलत असेल," त्या म्हणाल्या. "रेवती ऐकत असेल."

तोंवर मुलांनीं बोलपटाचा दुसरा भाग लावला होता. या खेपेस तो पोरगा पुढें, २०१५ सालांत, निघाला होता. तें सालही आतां मागें पडलें.