हिवताप कमी झाला म्हणून माणसे काढू नका

डेंग्यूची बातमी आली की बुलढाणा, खामगाव, मलकापूर या शहरांतून धूर फवारणीची मागणी सुरू होते. मागणी रास्तच आहे. पण आरोग्यसेवक म्हणून माझी बहुतेक नोकरी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याला गेली. तिथला डास वेगळा, त्याचा आजार वेगळा आणि त्याचा बंदोबस्तही वेगळा. शहरातल्या धुराने त्याचे काहीही बिघडत नाही.

डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो आणि कूलर, ड्रम, टायरच्या पाण्यात वाढतो. हिवतापाचा ॲनाफिलीस रात्रीचा. पाऊस ओसरला की डोंगरातून उतरणाऱ्या नाल्यांची धार बारीक होते, खडकांत स्वच्छ पाण्याची डबकी उरतात. क्युलिसिफेसिस जातीची मादी अशाच पाण्यात अंडी घालते. तिला माणसापेक्षा गुराचे रक्त अधिक आवडते, म्हणून ती गोठ्यात सापडते. आमच्याकडे गोठा आणि घर यांत बहुधा एकच भिंत असते.

पोट भरले की ही मादी भिंतीवर टेकते. भिंतीवर औषध असेल तर मरते. घरफवारणीचा सगळा भरवसा या एका सवयीवर आहे. आता होते काय, पथक आषाढात फवारून जाते आणि पोळा-महालक्ष्म्यांच्या आधी बाया घर सारवतात. औषध शेणामातीखाली गाडले जाते आणि डासांचा खरा हंगाम तेव्हाच सुरू होतो. बायांना दोष देऊन उपयोग नाही, सणाला घर सारवल्याशिवाय कोण राहील? फवारणीची तारीख तालुक्याच्या कचेरीत ठरण्याऐवजी गावात विचारून ठरली पाहिजे. सारवण आटोपले की पथक दारात हवे, आणि गोठा सुटता कामा नये.

मच्छरदाण्यांचेही तसेच. औषध लावलेली मच्छरदाणी उत्तम साधन आहे, पण ती घरात टांगलेली असते आणि घरचा कर्ता माणूस जागलीला शेतात. रोही आणि रानडुकरे रात्रीतून पीक साफ करतात, त्यामुळे माळ्यावर झोपण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. अशा माणसासाठी वेगळी मच्छरदाणी मागितली की कागदावर घरटी हिशेब दाखवला जातो. हा हिशेब बदला.

सगळ्यात जास्त जीव तुटायचा तो गोळ्यांवरून. व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू रक्तातून गेले तरी यकृतात दडून बसतात. क्लोरोक्विनने तीन दिवसांत ताप उतरतो. दडलेले जंतू मारायला प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. चौथ्या दिवशी घरी जावे तर माणूस सोयाबीन सोंगायला गेलेला. ‘साहेब, ताप त उतरला, आता गोया कायले?’ मजुरी बुडवून कोण बसणार? पण काही महिन्यांनी तोच ताप उलटतो, डास त्याचे रक्त पितो आणि दहा-बारा दिवसांत तोच डास दुसऱ्याच्या घरी जंतू पोचवायला तयार होतो. चौदाव्या दिवसापर्यंत कोणीतरी दारात जाऊन समोर गोळी द्यावी लागते. हे काम पोस्टर करत नाही, माणूस करतो.

आपला जिल्हा गडचिरोलीसारखा हिवतापाचा नाही, हे मलाही माहीत आहे. भामरागड, एटापल्लीच्या जंगलात फाल्सिपेरम मेंदूपर्यंत पोचून जीव घेतो, तिथे जास्त बळ लागणारच. म्हणून इथले बळ काढून घ्यावे, हे मात्र मला पटत नाही, कारण देशाने ही चूक एकदा केली आहे. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. 1965 च्या सुमारास आकडा लाखावर आला. मग देखरेख सैल झाली, डीडीटीचा तुटवडा पडला, डास त्या औषधाला सरावले, आणि 1976 साली रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले.

आता 2027 पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणायचे आणि 2030 पर्यंत देश हिवतापमुक्त करायचा, असे सरकारचे उद्दिष्ट आहे. शून्याचा खरा कस भिंगारा, गोमाल, चाळीसटापरी अशा डोंगरातल्या वस्त्यांवर लागेल. पलीकडे मध्य प्रदेशातला बऱ्हाणपूर जिल्हा आहे. नातीगोती, बाजार आणि मजुरी दोन्हीकडे चालते. रुग्ण सीमेवर थांबत नाही, नोंदवही मात्र थांबते. दोन्ही बाजूंच्या आरोग्य खात्यांनी पावसाळ्यानंतर रुग्णांच्या याद्या एकमेकांना दिल्या पाहिजेत.

जिल्हा परिषदेला माझी विनंती आहे की पायथ्याच्या उपकेंद्रांतले आरोग्यसेवकाचे एकही पद रिकामे ठेवू नका, आणि आशाताईंकडच्या तपासणी किटचा साठा भाद्रपदात संपू देऊ नका. बोटातून रक्ताचा थेंब घेतला की पंधरा-वीस मिनिटांत कळते. पायथ्याच्या गावांतल्या वाचकांनो, थंडी वाजून ताप आला तर झोळीवाल्या डॉक्टरकडून सुई टोचून घेण्याआधी ही तपासणी करा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.