रुपयाचे चिन्ह : आकार मिळाला, क्रमांकही मिळाला, पण नोंदींचे काय?

बुलडाणा, (प्रतिनिधी) : सौदी अरेबियाने फेब्रुवारी २०२५ मध्ये रियालचे नवे चिन्ह जाहीर केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युनिकोडच्या १७ व्या आवृत्तीत त्याला स्थान मिळाले. भारतीय रुपया याच मार्गाने २०१० मध्ये गेला होता. त्या प्रवासातील धडा बुलडाण्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्याला आजही लागू आहे. चलनाचे चिन्ह पडद्यावर दिसले म्हणजे संगणकाला ते कळले, असे नव्हे.

मुंबई आयआयटीत संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्यापूर्वी रोमन आद्याक्षरांचे जोडचिन्ह प्रचलित होते. पण पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंकेचा रुपयाही तसाच लिहिला जाई. नव्या चिन्हाने ही सरमिसळ संपविली.

आकार नव्हे, क्रमांक

संगणक अक्षराचा आकार साठवीत नाही, त्याचा क्रमांक साठवितो. हे क्रमांक जगभर एकच असावेत यासाठी युनिकोड हे मानक आहे. देशात सहा महिन्यांत आणि जगभर १८ ते २४ महिन्यांत चिन्ह रूढ होईल, असा सरकारचा अंदाज होता. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०१० मध्येच सहाव्या आवृत्तीत रुपयाला '२०बी९' हा क्रमांक मिळाला. त्यानंतर फॉन्ट व कळफलक बदलण्यास मात्र वेळ लागला.

घोळ झाला तो मधल्या घाईत. क्रमांकाची वाट न पाहता तयार केलेल्या एका फॉन्टमध्ये '१' च्या डावीकडील कळ दाबली की रुपयाचे चिन्ह दिसे. पण संगणकात नोंद होई ती त्या कळीवरील मूळ तिरक्या खुणेची. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की रकमेपुढे रुपयाऐवजी ती निरर्थक खूण उरे.

मराठी वाचकांना हा अनुभव नवा नाही. एकेकाळी मराठी वृत्तपत्र इंटरनेटवर वाचण्यासाठी ज्याचा त्याचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. अन्यथा पडद्यावर अगम्य चिन्हे उमटत. केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरविले, ते या गोंधळावर उपाय म्हणूनच.

हिशेबाचा प्रश्न

खामगाव, मलकापूरच्या बाजारपेठा आणि बुलडाणा अर्बनसारखी मोठी पतसंस्था ज्या जिल्ह्यात आहे, तेथे हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहत नाही. शेतमालाच्या विक्रीची रक्कम आज आडत्याच्या संगणकावरून बँकेत आणि बँकेतून शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोहोचते. या वाटेवर एकच यंत्र जुने असले, तरी रुपयाच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटू शकते. पावतीवर माणूस अंदाजाने रक्कम वाचतो. जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नेताना यंत्राला असा अंदाज बांधता येत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. चिन्ह छापू न शकणाऱ्या यंत्रावर सरळ 'रु.' लिहावे. नवे यंत्र घेताना त्यावर मराठी मजकूर व ₹ छापून पाहावे. जुन्या फॉन्टमधील नोंदी, ते फॉन्ट उघडणारे संगणक मोडीत निघण्यापूर्वीच, युनिकोडमध्ये आणाव्यात. रुपयाला क्रमांक मिळण्यास तीन महिने लागले. आपल्या दप्तरातील जुन्या नोंदींना तो मिळवून देण्याचे काम त्या त्या संस्थेलाच करावे लागेल.