लहरी आकाशाच्या, प्रश्न पेठेचे

मुंबई आकाशवाणीवरून ‘पुन्हा प्रपंच’ लागले की एके काळी घराघरांतील हातची कामे मंदावत असत. टेकाडे भावजी, पंत आणि मीनावहिनी गप्पा मारीत आणि त्या गप्पांतून रोजच्या जीवनातील एखादा सार्वजनिक प्रश्न अलगद उलगडत जाई. हा आपल्याच ओटीवरचा संवाद आहे, असे ऐकणाऱ्याला वाटे. पेठेतील कित्येक दुकानांत गल्ल्याशेजारच्या फळीवर रेडिओ असे आणि बाजारभावांइतक्याच लक्षपूर्वक या गप्पा ऐकल्या जात.

आज चर्चेला तोटा नाही. दूरचित्रवाहिन्यांवर ती रात्री उशिरापर्यंत चालते, मोबाईलवर तर अखंड चालते. मात्र गावच्या नळाला चार दिवसांआड पाणी का येते, आठवडे बाजाराच्या दिवशी मालाचे ट्रक कोठे उभे करावेत, गटाराचे काम कोणामुळे अडले आहे, हे प्रश्न त्या चर्चेत येत नाहीत. दिल्लीची खडान्‌खडा माहिती आणि गल्लीविषयी केवळ ऐकीव वार्ता, अशी सुशिक्षित कुटुंबांचीही अवस्था झाली आहे.

ऐकीव वार्तेची किंमत व्यापाऱ्याला रोख मोजावी लागते. दहा रुपयांच्या नाण्याचे उदाहरण ताजेच आहे. रुपयाचे चिन्ह नसलेले नाणे खोटे, अमुक रेघांचे खरे आणि तमुक रेघांचे बनावट, अशी आवई उठली आणि अनेक गावांत दुकानदार ते नाणे घेईनासे झाले. ग्राहकाशी हुज्जत आणि सुट्या पैशांची टंचाई, असा दुहेरी तोटा झाला. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून खुलासा केला, की दहा रुपयांची १४ प्रकारची नाणी वेळोवेळी काढण्यात आली असून ती सर्व वैध आहेत. रुपयाचे चिन्हच मुळी २०११ पासून नाण्यांवर आले; त्यापूर्वीच्या नाण्यांवर ते असणार कसे? इतका साधा खुलासा. परंतु कित्येक पेठांत त्यानंतरही नाणे नाकारले जात राहिले. पत्रक मुंबईहून निघाले होते आणि अफवा शेजारच्या दुकानातून आली होती. माणूस शेजारच्या आवाजावर आधी विश्वास ठेवतो. म्हणूनच खरी माहितीही शेजारच्याच आवाजात सांगण्याची सोय गावात असावी लागते.

अशी सोय कायद्याने उपलब्ध आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा दिला. त्या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची मुभा मिळाली. प्रक्षेपणाची शक्ती साधारणतः १०० वॅट आणि मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत, म्हणजे एक गाव आणि आसपासच्या वाड्या एवढाच या केंद्राचा संसार. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागाने तयार झाले पाहिजेत आणि ते शक्यतो तेथील बोलीत असावेत, अशी अट आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये तत्कालीन मेदक जिल्ह्यातील माचनूर येथे दलित स्त्रियांनी चालविलेला ‘संघम रेडिओ’ सुरू झाला.

महाराष्ट्रातील म्हसवडचे उदाहरण व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. सातारा जिल्ह्यातील माण हा कायम दुष्काळी तालुका. तेथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत, या कारणावरून रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला होता. त्या स्त्रिया अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याची तयारी त्यांनी अधिकाऱ्यांसमोर दर्शविली. त्याच परिवाराने २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे रेडिओ केंद्र सुरू केले. कर्जाचा हप्ता, जनावरांचे आजार, पाणी, आरोग्य आणि धनगरी ओव्या एकाच ठिकाणाहून, माणदेशी बोलीत लोकांच्या कानी पडू लागल्या. ज्या परिसरात वर्तमानपत्र वाचणारे हात थोडे, तेथे कान हेच शिक्षणाचे पहिले द्वार ठरते.

तथापि या केंद्रांच्या पायांत एक बेडी आहे. त्यांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी प्रसारित करता येत नाहीत. फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र ऐकविता येते. वाहतूक, हवामान, परीक्षा, रोजगार, वीज, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्यविषयक सूचना यांना मोकळीक आहे. म्हणजे नळाला पाणी उद्या येणार नाही, हे सांगता येते. ते का येणार नाही, याची चर्चा रंगली की केंद्रचालकाचे मन कचरते. छोट्या केंद्राच्या हाती नियमभंगाने सनसनाटी माजेल, ही सरकारची भीती सर्वस्वी निराधार नाही. परंतु वर्तमानपत्राला आणि वाहिनीला जे चालते, ते गावच्या शंभर वॅटच्या केंद्राला का चालू नये, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

दुसरी अडचण पैशाची. २०२४ मध्ये जाहिरातींची मर्यादा तासाला सातवरून बारा मिनिटे झाली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. हिशेब केला, तर बारा मिनिटे म्हणजे दहा सेकंदांचे ७२ भाग. ते सर्व सरकारी दराने भरले, तरी तासाचे उत्पन्न ५,३२८ रुपयांवर जात नाही. आणि ते सर्व कधीच भरत नाहीत. वीज, दुरुस्ती आणि चार माणसांचा पगार यांतून निघावयाचा. गावच्या पेठेने हात दिला नाही, तर ही केंद्रे अनुदानाच्या तोंडाकडे पाहत बसतात आणि अनुदान थांबले की मुकी होतात.

पेठेने हात द्यावा, म्हणजे केवळ जाहिरात द्यावी असे नव्हे. व्यापाऱ्याने चर्चेतही बसावे. प्लास्टिकबंदी असो वा बाजाराची वेळ, ‘व्यापारी साठेबाज’ आणि ‘ग्राहक फुकटे’ ही दोन वाक्ये गावात नेहमी पाठमोरी उभी असतात. त्यांना समोरासमोर बसविण्याचे काम ध्वनिक्षेपक करू शकतो. भाव का वाढला, भाडे किती, तूट किती, हे आकड्यांनिशी सांगणारा व्यापारी ग्राहकाला पटतो. आणि हातगाडीवाल्याची, हमालाची बाजू शांतपणे ऐकणारा व्यापारी त्याहून अधिक पटतो.

जैन परंपरेला हे नवे नाही. एका वस्तूला अनेक अंग असतात आणि बोलणारा त्यातील एकच अंग सांगत असतो, हा अनेकान्ताचा विचार. हित, मित आणि विचारपूर्वक बोलावे, ही भाषासमितीची शिकवण. प्रवचनात ऐकलेली ही तत्त्वे पाणीपट्टीच्या वादात टिकतात की नाही, याची परीक्षा गावच्या रेडिओइतकी चांगली दुसरीकडे होणार नाही. तेथे ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे दोन शब्द वाक्याच्या आरंभी घालणाऱ्याला कमीपणा येत नाही. उलट त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले जाते.

दिवाळीला वहीपूजन होते आणि नव्या वर्षाचे पहिले पान उघडते. जाहिरात, देणगी, धर्मादाय अशी खाती त्यावर मांडली जातातच. ज्या गावात असे केंद्र आहे, तेथील कुटुंबांनी त्या पानावर रेडिओच्या नावे एक ओळ लिहावी आणि महिन्यातून एक संध्याकाळही राखावी. जेथे केंद्र नाही, तेथे जवळच्या महाविद्यालयाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारणा करण्यासही खर्च पडत नाही.